पडद्यामागची चूल

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात आजवर लिहिला गेलेला सगळ्यात मोठा मजकूर म्हणजे मेंढरांच्या पाठीवर ओढलेला तांबडा पट्टा. चार कळप एकत्र आले तरी त्या पट्ट्यावरून आमचं जनावर ओळखू यायचं, म्हणजे त्या लिहिण्याचा काही उपयोग तरी होता. माझ्या लिहिण्याचा कुणाला उपयोग होईल का, मला ठाऊक नाही. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच मी. आणि कॉलेजात गेलं म्हणजे लिहिता येतं असं नसतं, हेही तिथे गेल्यावरच कळलं. पण आमच्या टॉकीजमधली माणसं म्हणाली, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. परीक्षा नुकतीच संपल्यामुळे हात रिकामे असलेला मी एकटाच होतो. नावं कुणाचीच घालत नाही. काही चुकलं तर ते माझं, त्यांचं नाही, एवढं धरून चाला.

‘आमच्या टॉकीजमधली माणसं’ म्हटल्यावर लोक विचारतात, तिकीटवाले का? नाही. आम्ही तिथे राहतो. सांगलीत बाजाराच्या मागच्या गल्लीत एक जुनी, बंद पडलेली टॉकीज आहे. तिच्यात मी भाडं देऊन, रीतसर राहतो.

त्याआधी अकरावी-बारावीला साताऱ्यात होतो. तिथे खोली परवडत नव्हती, म्हणून खाट घेतली होती. खाटसुद्धा अर्धीच. रात्री मी झोपायचो आणि दिवसा एका हॉटेलात रात्रपाळी करणारा माणूस झोपायचा. दोन वर्षांत आम्ही एकमेकांशी फारसं बोललोही नाही, पण त्याच्या डोक्याचा खळगा उशीत असायचा आणि मी त्यातच डोकं ठेवायचो. सकाळी दारात आमची गाठ पडायची. तो आत येताना डोळे चोळत असायचा, मी बाहेर जाताना चोळत असायचो. ती खाट कधी गार झालेली मला आठवत नाही. तिथे मला स्वप्नं पडायची नाहीत. पडत असतील तर बहुतेक ती त्याची असतील.

सांगलीला कॉलेजात आलो तेव्हा वर्गातल्या एका मित्राने टॉकीजचं सांगितलं. मालक म्हणजे आम्ही सगळे ज्यांना काका म्हणतो ते, सांगलीतच जन्मलेले, सत्तरीच्या पुढचे. कोरोनात पडदा बंद झाला तो उघडलाच नाही. मग महापुराचं पाणी आत आलं आणि भिंतीवर आपली रेघ ठेवून गेलं. काकांना लोक पाडून दुकानं काढा म्हणत होते. काकांचा जीव होत नव्हता. त्यांच्या ओळखीत एक आर्किटेक्ट मॅडम होत्या, साताऱ्याच्या. त्यांनी साताऱ्यात एका बंद छापखान्यात नोकरी करणाऱ्या बायकांसाठी खोल्या करून दिल्या होत्या. त्या काकांना म्हणाल्या, पाडू नका, माणसं राहायला येऊ द्या. बंद वास्तू लवकर मरते. माणसं आली, की कुठे गळतंय, कुठे वाळवी लागलीय, ते रोज कुणीतरी बघतं.

असं ते सुरू झालं. खुर्च्या काढून विकल्या. प्रेक्षागृहात डोक्याच्या उंचीचे प्लायवूडचे आडोसे उभे राहिले. आडोशांना दार होतं, पण छत नव्हतं. छत म्हणजे ते वरचं, टॉकीजचं, सगळ्यांचं मिळून एक. बाल्कनीत बायकांची सोय. कॅन्टीनमध्ये, जिथे मध्यंतरात समोसे आणि सोडा विकत, तिथे सगळ्यांचं एक स्वयंपाकघर. ज्याच्याकडे डिपॉझिट नाही त्याने दर रविवारी काम करायचं. माझ्याकडे नव्हतंच. माझ्यासारखे आणखी बरेच होते.

पहिल्या दिवशी मी आत गेलो तेव्हा माझी पावलं आपोआप भरभर पडायला लागली. टॉकीजची जमीन उतरती असते, हे माझ्या लक्षातच नव्हतं. मी सिनेमे उभ्या आयुष्यात दोनच पाहिले होते, तेही अंधारात. सगळ्यांनी आपापल्या खाटेच्या खालच्या बाजूच्या पायांखाली विटा लावून खाट सपाट केली होती. मी विटा लावल्या नाहीत. मेंढरांमागे फिरताना आम्ही माळावर उताराला झोपतो, डोकं चढाला आणि पाय उताराला. मला तशीच झोप लागते. बाजूच्या आडोशातले दादा, कुपवाडला फाउंड्रीत भट्टीवर काम करणारे, मला म्हणाले, “गड्या, एक दिस घसरत घसरत पडद्यात जाशील. मग आमी तुला तिकीट काढून बगायचं व्हय?”

स्वयंपाकघर वरच्या अंगाला आणि आम्ही खाली. वरून कुणाच्या हातून कांदा सुटला, की तो गडगडत मधल्या वाटेने येऊन पडद्याच्या भिंतीला टेकायचा. खालच्या रांगेतल्यांना कांदे फुकट, असा विनोद पहिल्याच आठवड्यात जुना झाला. रांगांची अक्षरं जमिनीवर पत्र्यात ठोकलेली तशीच होती. दादा ‘एच’मध्ये, मी ‘जे’मध्ये. बाल्कनीतल्या सिस्टर, ज्या मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स होत्या, त्या खाली आल्या की दादा म्हणायचे, आज महागाचं तिकीट आलं बघा खाली.

पण मला सगळ्यात जास्त आवडायच्या त्या भिंती. त्यांना आतून आवाज पिणाऱ्या जाड फळ्या लावलेल्या होत्या. तिथे कुणी मोठ्याने बोललं तरी शब्द जवळ येऊन मऊ व्हायचा. बाहेर बाजार, हातगाड्या, रिक्षा, आणि आत असं वाटायचं, की कुणीतरी आख्ख्या इमारतीवर घोंगडी टाकली आहे. सकाळी प्रोजेक्टरच्या चौकोनी भोकातून उजेडाचा एक पट्टा यायचा आणि आम्हा झोपलेल्यांच्या डोक्यावरून समोरच्या पांढऱ्या भिंतीवर जायचा. त्यावर काहीच दिसायचं नाही. नुसता उजेड असायचा. तरी जाग आलेली माणसं थोडा वेळ पडून तिकडेच बघत राहायची. मीही बघायचो. तिथे आल्यावर मला पुन्हा स्वप्नं पडायला लागली. साताऱ्याच्या अर्ध्या खाटेवर ती मावत नसावीत.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मला पडद्यामागची जागा साफ करायचं काम मिळालं. पडद्याच्या भिंतीमागे एक छोटं परसू आहे आणि परसात पत्र्याची एक खोली. परसातून बाहेर गल्लीत उघडणाऱ्या मागच्या दाराला आतल्या बाजूने भलंमोठं पितळी कुलूप होतं आणि किल्ली काकांकडे नव्हती. दादा म्हणाले, चांगलं कुलूप कापायचं पाप कशाला करायचं. त्यांनी स्क्रू काढून कडी-कोयंडाच उतरवला. कुलूप तसंच मिटलेलं, अखंड, हातात आलं. ते वजनदार होतं, म्हणून स्वयंपाकघरात गेलं आणि लसूण-शेंगदाणे कुटायला लागलं.

परसात एरंड आणि घाणेरी माजली होती. मी विळ्याने कापत कापत कोपऱ्यापर्यंत गेलो आणि थांबलो. तिथे तीन दगड होते. चुलीचे, काळेभोर. पश्चिमेच्या बाजूला वारा अडवायला पत्र्याचा तुकडा खोचलेला होता. दगडांच्या मधली राख पावसाने केव्हाच नेली होती, पण दगड जागचे हलले नव्हते. उभे होते.

ते बघून मला काय वाटलं, हे सांगण्यासाठी आमची एक रीत सांगावी लागेल. आम्ही पूर्वेच्या दुष्काळी भागातले, मेंढरं राखणारे. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडे उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. वाटेत मुक्काम पडतात. मुक्काम हलवताना त्या जागी परत यायचं नसेल, तर आई चुलीचे तिन्ही दगड पालथे घालायची. येताना पुन्हा तिथेच उतरायचं असेल, तर दगड उभे ठेवायची. उभ्या चुलीवर दुसरं कुणी आपलं भांडं चढवत नाही. मागून येणारे दुसरे धनगर ती चूल बघतात आणि बाजूला उतरतात. ती जागा कुणाची तरी आहे, माणूस फक्त गेलेला आहे, एवढं त्यांना कळतं.

मी दगडांभोवतालचं गवत काढलं आणि दगड तसेच ठेवले.

दिवाळीनंतर मॅडम नवा नकाशा घेऊन आल्या. आम्ही सगळे टॉकीजच्या जुन्याच मुताऱ्या आणि एका नळावर भागवत होतो. बाल्कनीतल्या बायकांना बादल्या घेऊन जिना उतरावा लागायचा. आता खऱ्या न्हाणीघरांचं आणि संडासांचं काम होणार होतं, आणि त्यांच्या गटाराला उतार मिळणारी सोपी जागा म्हणजे पडद्यामागचं परसू. चूल होती तिथेच टाकी खणायची होती. पत्र्याची खोली जाणार होती.

सभा पडद्यासमोर भरायची. ऐकणारे वर उतारावर बसायचे आणि बोलणारा खाली उभा राहायचा. त्यामुळे बोलणारा कितीही उंच असला तरी बारका दिसायचा. मी तोवर एकदाही बोललो नव्हतो. त्या दिवशी उठून खाली गेलो तेव्हा मलाच माझं नवल वाटलं. मी अडखळत सांगितलं, की तिथे एक चूल आहे, आणि ती उभी आहे. मग रीत सांगितली. मग म्हणालो, की कदाचित माझं चुकत असेल, पण जो कुणी गेलाय तो परत येणार असेल, तर आपण त्याच्या चुलीवर खड्डा खणू नये असं मला वाटतं.

लोक हसले. वाईट नाही हसले. एक जण म्हणाला, दगड उभे नसतात तर काय झोपतात का. दादा म्हणाले, “आरं, फाउंड्रीत आमच्या भट्टीला पण इटा उभ्याच हाईत. मालक गेला तरी.”

काका मात्र हसले नव्हते. ते पहिल्या रांगेत होते आणि माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी सांगितलं. तिथे टॉकीजचा वॉचमन राहायचा, कोयनेकडचा. कितीतरी वर्षं. एकटाच. शेवटच्या खेळाला तो भाकरी थापायचा आणि धुराचा वास पडद्याच्या खालून पुढच्या रांगेत यायचा. पुढचे लोक शिट्ट्या मारायचे, म्हणायचे आम्हालाही वाढा. कोरोनात टॉकीज बंद झाली तेव्हा काका त्याला म्हणाले, गावाकडे जाऊन ये, चालू झालं की मी कळवतो.

“मी कळवतो म्हणालो होतो,” काका पुन्हा म्हणाले आणि खाली बसले. ते मुळात उभेच राहिले नव्हते, पण मला तसं आठवतं खरं.

नंबर लावून पाहिला, तो कधीचाच बंद होता. गाव काकांना आठवेना. कोयना एवढंच. मॅडमनी नकाशाची गुंडाळी केली आणि विचार करून म्हणाल्या, की दुसरा मार्ग आहे. बुकिंगच्या खिडकीखालून गटार काढता येईल. पण त्यासाठी काँक्रीट फोडावं लागेल, काम दुप्पट होईल, आणि ते काम आपल्यालाच करावं लागेल. माणूस येणार असेल तर खोली त्याची, त्याला ह्या घरात जागा. येणार नसेल तर एवढ्या लोकांनी दगडांसाठी बादल्या का वाहायच्या? कुठल्याही हिशेबाने पावसाच्या आत खणलं पाहिजे. तेव्हा ठरलं, आखितीपर्यंत वाट बघायची. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखिती म्हणतात. तोवर त्याचा पत्ता लागला तर बुकिंगची खिडकी, नाहीतर आखितीच्या दुसऱ्या दिवशी परसात कुदळ.

मी लगेच काही दिवसांत कोयनानगरला जाऊन आलो. कऱ्हाडला एसटी बदलली, पाटणला बदलली, मग घाट. वळणावळणाने धुकं खिडकीत शिरायचं आणि जायचं. कॉलनीच्या चौकात मी वॉचमनचं नाव सांगून विचारत होतो, पण ते नाव त्या खोऱ्यात घरोघरी होतं. एका दुकानदाराने विचारलं, कुठल्या वाडीचा? धरणात गेलेल्या की वर राहिलेल्या? मला दोन्ही माहीत नव्हतं. त्याने मला चहा दिला. म्हणाला, इथली निम्मी माणसं इथली नाहीत आणि निम्मी जिथली होती ते गावच पाण्याखाली आहे. सांगलीहून एक माणूस शोधायला आलास, ह्याचंच नवल.

परतताना पाटणच्या अलीकडे रस्त्याकडेच्या रानात मला आमचा कळप दिसला. वर्षाच्या त्या दिवसांत आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मुक्काम त्याच खोऱ्यात असतो, हे मला ठाऊक होतं. मी एसटी थांबवायला सांगितली.

भात निघालेलं रान होतं. शेतकऱ्याने मेंढरं बसवायला आबांना बोलावलं होतं. हेही सांगतो, कारण पुढे लागेल. मेंढरं रात्रभर रानात बसली, की लेंडी-मुताने जमीन ताकद धरते. म्हणून शेतकरी स्वतःहून बोलावणं धाडतात आणि वर धान्य देतात. तिथे राहून आम्ही त्याच्यावर उपकार करत नाही आणि तोही आमच्यावर करत नाही. रान पडीक राहण्यापेक्षा कुणी राहिलेलं बरं. टॉकीजबद्दल मॅडम जे बोलल्या होत्या ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, ते ह्याच्यामुळे.

आबा वाघर लावत होते. कोकरं आत ठेवायला जाळं असतं, त्याला वाघर म्हणतात. मी एक टोक धरलं. मग सगळं सांगितलं. आबांनी टॉकीजचं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, चुलीचं तोंड कुठं होतं? पत्रा कुठल्या अंगाला? दगड रुतलेले होते का नुसते टेकवलेले? मी सांगितलं, रुतलेले. आबांनी मेख ठोकून संपवली.

“रुतल्यालं हाईत म्हंजे माणूस तितं लय दिस ऱ्हायला,” ते म्हणाले. “येईल न्हाई येईल ते आपल्या हातात न्हाई. पर उभी चूल आपुन मोडायची न्हाई. मी सांगून ठिवतो.”

कुणाला सांगून ठेवणार, असं मी विचारलं. आबांनी हात नुसता चौफेर फिरवला. त्या खोऱ्यात दिवाळी ते वैशाख किती कळप येतात-जातात, कुठल्या वाडीत कुणाच्या रानात बसतात, ते सगळं त्या एका हातात होतं. मग ते म्हणाले, “तुजी खाट सपाट न्हाई म्हन की तितं. बरं हाय. उताराला झोपल्यावर माणूस लवकर उठतंय.” मला वाटतं, माझं तिथे राहणं त्यांना पटलं, हे ते असं सांगत होते.

मग हिवाळा आला आणि वाट बघणं सुरू झालं. वाट बघताना टॉकीज अजून मऊ झाली, असं मला वाटायचं. थंडीत सगळे आपापल्या आडोशात गोधडीत शिरले, की वरच्या सामाईक अंधारात तेवढे आवाज तरंगत. कुणाचं खोकणं, कुणाच्या मोबाइलवर गावाकडचं बोलणं, बाल्कनीत सिस्टरांचं हसणं. भिंती ते सगळं हळूहळू पिऊन टाकत. मला एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. समोरचा पडदा उजळायचा, त्याच्याआड जाळ असायचा, आणि जाळासमोर एक माणूस पाठमोरा भाकरी थापत बसलेला दिसायचा. सावली पडद्याभर मोठी. आम्ही सगळे आपापल्या खाटेवर बसून तो खेळ बघत असायचो आणि मध्यंतर कधी व्हायचंच नाही. मी हे एकदा दादांना सांगितलं. ते म्हणाले, मला पण दिसला होता तो खेळ. मग लगेच म्हणाले, भाकरी करपली होती. तेव्हा ते थट्टा करत होते की खरंच सांगत होते, हे मला आजही माहीत नाही.

पण बादल्या खऱ्या होत्या. मकरसंक्रांतीनंतर सिस्टरांच्या सोबतच्या एका बाईचा जिन्यात पाय मुरगळला. त्या दिवशी कुणी मला काही म्हणालं नाही, आणि तेच जास्त लागलं. मी बाल्कनीचं पाणी भरायला लागलो. दादा मला जिन्यात भेटले की म्हणायचे, “तीन दगडं अन् तीस बादल्या. लय झ्याक रीत हाय गड्या तुमची.” आणि माझ्या हातातली एक बादली घ्यायचे.

कधीकधी मलाच शंका यायची. वॉचमन काही आमच्यातला नव्हता. कोयनेकडची माणसं भात लावणारी, जागेवर राहणारी. त्यांच्यात अशी काही रीत असते का, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. मी माझ्या आईची चूल त्याच्या परसात बघितली होती. तो घाईने गेला असेल. दगड कुणी कशाला पाडत बसेल? अशी शंका आली की मी परसात जायचो. काकाही कधी कधी तिथे उभे असायचे. एकदा ते म्हणाले, तो गेला तेव्हा परसातूनच गेला, मागच्या दाराला आतून कुलूप लावलं आणि भिंतीवरून उतरला असेल, नाहीतर आतलं कुलूप कसं लागलं? मी म्हणालो, असेल. त्या वयाचा माणूस भिंतीवरून उतरताना मला दिसायला लागला.

फाल्गुन गेला, पाडवा गेला. आबांचा फोन एकदा आला, तो मेंढी व्याल्याचा. परीक्षा झाल्या. आखितीच्या दिवशी काकांनी सगळ्यांना आमरस ठेवला होता. मॅडमही साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांनी परसात चुन्याने टाकीची चौकट आखली. तीन दगड बरोबर मध्ये आले. दादांनी फाउंड्रीतून दोन पहारी आणल्या होत्या. काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करायचं ठरलं. दादा माझ्याजवळ येऊन म्हणाले, दगड मी हलवणार नाही, ते तू हलव, तुझ्या रीतीनं. मी हो म्हणालो. मी तोवर सगळं मान्य केलं होतं. सकाळी कुणी उठायच्या आत जायचं, तिन्ही दगड आई घालायची तसे पालथे घालायचे, आणि यायचं. निदान गेलेल्याला कळेल, की इथे थांबायचं नाही.

पण सकाळी मला जाग उशिरा आली. उजेडाचा पट्टा भिंतीवर पोचला होता. वर स्वयंपाकघरात लोक जमले होते. खणणाऱ्यांसाठी भाकरी आणि खर्डा करायचा होता, आणि सिस्टरांनी मला बघितल्याबरोबर लसूण कुटायला बसवलं. मी तेच पितळी कुलूप घेतलं आणि ओट्याच्या कडेला बसलो. खाली दादा पहार खांद्यावर घेऊन मधल्या वाटेने उतरताना दिसत होते.

फोन वाजला. आबांचाच होता. मागे वारा आणि मेंढरं ऐकू येत होती. ते परतीच्या वाटेवर होते, कोयनेच्या अलीकडे. रेंज जात होती, म्हणून आबा प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत होते. मी तो फोन मोठ्या आवाजावर ठेवला. काका जवळ येऊन उभे राहिले. दादा वाटेत थांबले.

आबांनी सांगितलं ते असं. दुसऱ्या एका कळपवाल्याची मेंढरं धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत बसली होती, एका बाईच्या रानात. संध्याकाळी त्या बाईचा भाऊ तळावर शेकायला यायचा. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता म्हणाला, मी सांगलीत टॉकीजवर होतो. त्या कळपवाल्याला आबांचं सांगणं ठाऊक होतं. त्याने आबांना गाठलं, आणि आबा कळप थांबवून स्वतः वाडीवर जाऊन आले.

काकांनी मला विचार म्हणून खुणावलं, पण त्यांना काय विचारायचंय ते त्यांना सांगता येईना. मी विचारलं, “आबा, चूल त्यांनी उभी का ठेवलेली?”

“त्याला आपली रीत ठावं न्हाई,” आबा म्हणाले. “दगडं तशीच ऱ्हायली म्हणाला. घाई झालती.”

खाली दादांनी पहार जमिनीवर टेकवली. मला वर कुणाकडे बघवेना. मग वाऱ्यातून आबांचा आवाज पुन्हा आला.

“पर किल्ली दावली त्यानं मला. करदोट्याला बांदल्याली हाय. मालक कळवतो म्हणाल्यात, तवापास्नं वाट बगतोय. उद्याच्या गाडीनं येतोय. अन् मागल्या दाराचं कुलूप तेवढं बदलू नका म्हणतोय.”